बेचाळीस हजारांत तीन वर्षांचा लॅपटॉप : एका खरेदीचा पूर्ण हिशेब

सप्टेंबर २०२४. गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात चिपळूणहून ताईचा फोन आला. भाचीला डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला नवी मुंबईत कम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. २०२४-२५ या वर्षापासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. त्यामुळे भावोजींनी फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले तीस हजार मोकळे झाले होते. भावोजी रिक्षा चालवतात. हे तीस हजार कसे जमले असतील याची मला कल्पना होती. ताई म्हणाली, "बचत गटातून अजून बाराएक उचलता येतील. पण त्याच्यावर एक रुपया नाही. आणि तिचं शिक्षण होईपर्यंत दुसरा लॅपटॉप होणार नाही, हे धरून चाल."

म्हणजे एकूण बेचाळीस हजार, त्यात सगळं बसवायचं आणि तीन वर्षं काढायची. मी डोंबिवलीत राहतो, एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. दरवर्षी पोरं नवीन लॅपटॉप घेऊन येतात आणि सहा महिन्यांनी "सर, फार स्लो झालाय" म्हणून माझ्यापुढे ठेवतात. त्यातल्या बहुतेकांनी पैसे कमी घातलेले नसतात, चुकीच्या ठिकाणी घातलेले असतात. तेच इथे होऊ द्यायचं नव्हतं.

भाचीला मी पहिल्यांदा कंपनीचं नाव विचारलं नाही, दोन वर्षांत काय काय चालवायचं आहे ते लिहून पाठव म्हटलं. तिने सीनियर मुलींना विचारून यादी दिली : जावा, पायथन, मायएसक्यूएल, थोडं लिनक्स, तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे फोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. हॉस्टेलहून कॉलेजला रोज लोकलने जायचं, म्हणजे वजन महत्त्वाचं. या यादीतलं सगळ्यात खादाड काम म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ. त्याला ८ जीबी रॅम किमान लागते आणि १६ असेल तरच काम सुखाने होतं. त्यामुळे रॅमचं ध्येय तिथेच ठरलं. मग मी एकच नियम धरला. जे नंतर बदलता येतं त्यावर आज पैसे घालायचे नाहीत. जे कधीच बदलता येत नाही, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्डवरची रिकामी जागा, कीबोर्ड, वजन, त्याच्यावर घालायचे.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने ३९,९९० चं मशीन पुढे ठेवलं. वर ठसठशीत स्टिकर होता, रायझन ५, म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. "मॅडम, आय३ कशाला बघता? हा पाच नंबर आहे, सिरीजही सात हजारची." भाची माझ्याकडे बघायला लागली, कारण ऐकायला ते बरोबरच वाटत होतं. मी मशीन उलटं करून खालचं लेबल वाचलं : ७५२०यू.

हे चार आकडे वाचता आले पाहिजेत. रायझनच्या सात हजार मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत पहिला आकडा साल सांगतो आणि दुसरा आकडा कुठल्या दर्जाचा ते. आतली रचना कुठल्या पिढीची, ते तिसऱ्या आकड्यात असतं. ७५२०यू मध्ये तिसऱ्या जागी २ आहे, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ ची. त्यात चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामांच्या रांगा. शेजारच्या ७५३०यू मध्ये तिथे ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. फरक एका आकड्याचा, मशीन मात्र वेगळंच. शिवाय ७५२०यू ला एलपीडीडीआर५ जातीचीच रॅम चालते आणि ती मदरबोर्डवर झाळलेली असते. आज ८ जीबी घेतली तर ती कायमची ८ जीबी. आमच्या यादीसाठी हे मशीन त्या एकाच कारणाने बाद झालं. विक्रेता खोटं बोलत नव्हता. स्टिकरवर रायझन ५ लिहिलेलंच होतं. पण निम्मं नाव वाचून चाळीस हजार मोजणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

शेवटी आम्ही घेतला तो आय३. पुरतं नाव आय३-१२१५यू, इंटेलची बारावी पिढी, २०२२ ची. दोन मोठे कोअर आणि चार छोटे, एकूण सहा, थ्रेड आठ. मोठे दोन कोअर चांगले वेगवान आहेत. प्रोग्राम कंपाइल करणं, ब्राउझर उघडणं, एडिटर चालवणं या रोजच्या कामात एकेका कोअरचा वेगच जाणवतो आणि तिथे हा आय३ त्या रायझन ५ च्या पुढे आहे. दुसरं कारण जास्त मोलाचं होतं. या मॉडेलमध्ये रॅमचे दोन स्लॉट होते. एकात ८ जीबीची पट्टी, दुसरा रिकामा. हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडलं नाही. कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलचं दुरुस्तीचं मॅन्युअल असतं, त्यात झाकण उघडल्यावरचे फोटो असतात. ते मोबाइलवर उघडून दुसरा स्लॉट डोळ्यांनी पाहिला. त्याच कंपनीच्या, दिसायला अगदी सारख्या दुसऱ्या मॉडेलमध्ये एक रॅम झाळलेली होती, म्हणून मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरसुद्धा जुळवून घेतलं.

५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, फुल एचडी स्क्रीन, वजन १.६ किलो, सोबत खरं विंडोज ११ होम आणि कायमच्या लायसन्सचं ऑफिस. विंडोजशिवाय येणारं मॉडेल तीनएक हजारांनी स्वस्त होतं. "डॉसवाला घ्या, विंडोज मी टाकून देतो," असं एकाने सुचवलंही. जिथे मुलीच्या परीक्षेचे अर्ज आणि बँकेचे पासवर्ड टाइप होणार, तिथे कुणीतरी पेन ड्राइव्हमधून टाकलेलं फुकटचं विंडोज मी बसवू देणार नव्हतो.

बाद केलेल्या आणखी एका पर्यायाबद्दल लिहितो, कारण तो वाईट नव्हता. ऑफिसांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप वीस-बावीस हजारांत मिळत होते. आठव्या पिढीचा आय५, मजबूत बांधणी, उत्तम कीबोर्ड. आठव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, सातव्या पिढीच्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरांना नाही. म्हणून जुनं घेणाऱ्याने निदान ही रेघ ओलांडू नये, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बी.कॉम. किंवा बी.ए. करणाऱ्या मुलासाठी मी हाच घेतला असता आणि उरलेले वीस हजार घरी परत दिले असते. इथे अडचण वयाची होती. जे मशीन आधीच सहा वर्षं वापरलं गेलंय, त्याच्याकडून अजून तीन वर्षं मागायची, बॅटरी थकलेली, वॉरंटी फार तर सहा महिन्यांची. ताईचं "दुसरा होणार नाही" हे वाक्य आठवलं आणि मी माघार घेतली.

पैसे कसे द्यायचे यावर दुकानातच अर्धा तास गेला. किंमत ३७,४९०. रोख किंवा यूपीआयने दिले तर १,५०० ची सूट. नाहीतर "शून्य टक्के" हप्ते. विक्रेता हप्त्यांसाठी फार आग्रही होता. मी त्याला कागदावर लिहायला सांगितलं. हप्ते घेतले की १,५०० ची सूट नाही, वर ९९९ फाइल चार्ज. म्हणजे शून्य टक्क्यांचे २,४९९ रुपये झाले. ताईच्या बचत गटाचा दर महिन्याला एक टक्का, उरलेल्या रकमेवर. बारा हजार, दहा हप्ते, दर महिन्याला १,२०० मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज १२०, मग १०८, असं उतरत शेवटचं १२. बेरीज ६६०. तीही गटाच्याच खात्यात जाणार. ताई फोनवर होती, तिने हा हिशेब माझ्या आधी तोंडी केला. गटाची हिशेबाची वही ती गेली कित्येक वर्षं ठेवते.

सगळा खर्च असा बसला : लॅपटॉप ३५,९९०. लॅमिंग्टन रोडवरून बिलासह घेतलेली ८ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम १,७५०. पेन ड्राइव्ह ८५०, माउस ४००, चांगल्या प्रतीचा स्पाइक गार्ड ६००. कंपनीच्या साइटवरून वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवली, २,२००. एकूण ४१,७९०. वाढीव वॉरंटी एरवी मी कुणाला फारशी सुचवत नाही. पण ज्या घरात दुसरा लॅपटॉप होणार नाही, तिथे मदरबोर्ड जाणं म्हणजे निम्म्या किमतीचा खड्डा. तिथे हे पैसे मला खर्च वाटत नाहीत. स्पाइक गार्डवर भाची कुरकुरली होती. कोकणातल्या पावसात लाइट कशी ये-जा करते हे तिच्या बाबांना माहीत होतं, त्यांनीच तो घ्यायला लावला.

रॅमच्या भावाबद्दल एक सांगायला हवं. २०२४ मध्ये स्वतंत्र रॅम घेऊन बसवणं निश्चित स्वस्त होतं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की बाजारातले भाव भडकले. आज कुणी हाच मार्ग धरणार असेल तर आधी पट्टीचा त्या दिवशीचा भाव विचारावा आणि १६ जीबी आधीच बसवलेल्या मॉडेलशी ताडून पाहावा. रिकाम्या स्लॉटचा आग्रह मात्र मी आजही सोडणार नाही.

खोका दुकानातच उघडला. खोक्यावरचा, बिलावरचा आणि मशीनखालचा सिरीयल नंबर जुळवला. घरी येऊन तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी चार महिने आधीच सुरू झालेली दिसली. माल कंपनीतून निघाला ती तारीख धरली गेली होती. बिलाचा फोटो पाठवल्यावर दोन दिवसांत तारीख दुरुस्त झाली. पाहिलं नसतं तर चार महिने नुसते गेले असते. मग स्क्रीनवर पूर्ण पांढरं, काळं, लाल चित्र लावून मेलेला ठिपका शोधला, प्रत्येक की दाबली, प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह घालून पाहिला, कॅमेऱ्यावरून ताईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून भावोजींनी स्टोरेजचा आकडा विचारला. "पाचशे बाराचे पैसे घेतले आणि चारशे शहात्तरच दाखवतोय. फसवलं नाही ना?" फसवलं नव्हतं. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं, तिथे एक जीबी थोडी मोठी होते, म्हणून आकडा लहान दिसतो. त्यांना मी मापाच्या दोन पायल्यांचं उदाहरण दिलं. धान्य तेवढंच, पायली मोठी घेतली की माप कमी भरतं. ते त्यांना पटलं.

पहिले सात दिवस मी झाकणाला हात लावू दिला नाही. त्या मुदतीत काही बिघडलं तर दुकान पीस बदलून देणार होतं, आणि आपण स्क्रू फिरवलेल्या मशीनवर वाद घालायची वेळ यायला नको. रॅम आपण बसवली तर वॉरंटी राहते का, हेही या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारून घेतलं. "राहते, मात्र बसवताना काही तुटलं तर ते वॉरंटीत नाही," असं लेखी उत्तर आलं.

तो आठवडा सेटिंगमध्ये गेला. मी सॉफ्टवेअरच्या बाजूला खरेदीइतकंच महत्त्व देतो. चांगलं मशीन सहा महिन्यांत सुस्त होतं ते इथेच.

विंडोजचं खातं तिच्या स्वतःच्या ईमेलवर काढलं, कॉलेजने दिलेल्या पत्त्यावर नाही. कॉलेजचा पत्ता पदवीनंतर बंद होतो आणि त्याच्याबरोबर सगळं अडकतं. कॉलेजचा पत्ता फक्त विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींना वापरला. अपडेट माझ्या घरच्या वाय-फायवर केले, कारण हॉस्टेलवर तिच्याकडे रोजचा दीड जीबीचा पॅक होता आणि पहिल्या दिवशीचे अपडेट तो दोन-तीन दिवस पुरवून खातात. तीस दिवसांच्या चाचणीचा अँटिव्हायरस काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे. दोन पहारेकरी ठेवले की ते एकमेकांनाच अडवत बसतात. चालू होताना आपोआप उघडणारे अकरा प्रोग्राम होते, त्यांतले आठ बंद केले. सोबत आलेलं ऑफिस त्याच संध्याकाळी तिच्या खात्याला जोडलं. ही फुकट मिळालेली गोष्ट मुदतीत जोडली नाही तर हातची जाते, आणि मुलं "नंतर करू" म्हणून विसरतात.

वनड्राइव्हने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट न सांगता उचलून वर चढवायला सुरुवात केली होती. फुकटची जागा ५ जीबी. डिप्लोमाच्या फाइलींनीच ती भरत आली. ते बंद केलं. त्याऐवजी कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आणि बाकीच्या कॉलेजच्या फाइली दर रविवारी पेन ड्राइव्हवर, असं ठरवलं. लिनक्ससाठी डिस्कचे तुकडे पाडून दोन सिस्टिम बसवायचा तिचा विचार होता. मी डब्ल्यूएसएल सुचवलं. एका आज्ञेत विंडोजच्या आतच उबुंटू नावाचं लिनक्स चालू होतं. त्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ते पुरलं.

मग ती ४८ आकड्यांची गोष्ट. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. चोरी झाली तर हे वरदान, पण कुलपाची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या खात्यात पडून असते आणि बहुतेकांना ती आहे हेही ठाऊक नसतं. मी भाचीला ती वहीत उतरवायला लावली. तिला ते जुनाट वाटलं. पाचव्या दिवशी बायॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अपडेट झाला, मशीन पुन्हा चालू झालं आणि निळ्या पडद्यावर त्याने तीच की मागितली. भाची गप्प होऊन वही शोधायला गेली. एकेक आकडा तिने वाचला, मी टाइप केला. आमच्या लॅबमध्ये या पडद्यापाशी येऊन अख्ख्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट गमावलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याच्याकडे ना की होती, ना त्या खात्याचा पासवर्ड. यापुढे कुणी माझ्याकडून लॅपटॉप लावून घेतला तर हे पान मी आधी लिहायला लावीन.

आठव्या दिवशी रॅम बसवली, आणि ती भाचीनेच बसवली. मी बाजूला बसलो. चार्जर काढला, बायॉसमधून अंतर्गत बॅटरी बंद केली, खालचे स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी मांडले, कारण त्यांची लांबी सारखी नसते. झाकणाच्या कडेने जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फिरवलं. पट्टी तिरकी आत सरकवायची, खाच जुळते का पाहायची आणि हळू खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'कट्' करून बसल्या तेव्हा ती हसली. पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर काळाच राहिला. नवी रॅम ओळखायला मशीन वेळ घेतं, हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं, त्यामुळे ते मिनिट तिला फार लांब गेलं. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसली, दोनपैकी दोन स्लॉट वापरात. एडिटर, मायएसक्यूएल आणि ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्यावर आधी मेमरी ८८ टक्के भरत होती, आता ५१. दोन पट्ट्या जोडीने काम करतात तेव्हा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही डेटा जास्त वेगाने मिळतो, तो फायदा वेगळा.

हॉस्टेलवर मशीन दिवसभर चार्जिंगला लागलेलं असतं, म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी पूर्ण. सव्वा वर्षानंतर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळच्या ४२ वॉट-तासांपैकी ३९ शिल्लक होते.

चुकलं ते स्क्रीनच्या बाबतीत. २५० निट्सचा उजेड, रंगांच्या एनटीएससी मापावर ४५ टक्केच, म्हणजे फिके रंग. बदलता न येणाऱ्या गोष्टींवर पैसे घालायचे असं मी म्हणत होतो, पण दुकानाच्या दिव्यांत स्क्रीन बरी दिसली आणि मी पुढे सरकलो. हॉस्टेलच्या खिडकीशी दुपारी काम करताना ती डोळे बारीक करते. मशीन उचलून दुकानाच्या दारात, उन्हाच्या उजेडात नेऊन पाहायला हवं होतं. दीड-दोन हजार जास्त देऊन ३०० निट्सचं मॉडेल मिळालं असतं आणि त्यासाठी वाढीव वॉरंटीचं एक वर्ष मी कमी केलं असतं.

तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ सुरू झाला. मशीनमधला आभासी फोन चालू केला की पंखा ओरडतो आणि १६ जीबीतली ८० टक्के मेमरी जाते. तिने तो वापरणंच सोडलं. स्वतःचा फोन केबलने जोडून, त्यात यूएसबी डीबगिंग हे सेटिंग चालू करून ॲप थेट फोनवर चालवते. हे तिचं तिने शोधलं. आता वर्गातल्या आणखी चार मुली तसंच करतात, त्यांतल्या दोघींचे लॅपटॉप ८ जीबी झाळलेले आहेत.

गटाचा शेवटचा हप्ता जुलै २०२५ मध्ये गेला. गणपतीत भाची घरी आली तेव्हा लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड चालू करून घेतला होता. ताईला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची ठरीव मांडणी जमेना, मग उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिक लावला. आता गटाच्या बैठकीचं इतिवृत्त ताई सुट्ट्यांत युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, टाइप करून घेते. पूर्वी बाजारपेठेतल्या सायबर कॅफेतून टाइप करून आणायची, त्या फाइली दुसऱ्या कुठल्या मशीनवर धड वाचताच यायच्या नाहीत. परवा फोनवर तिने विचारलं, रकान्यांची बेरीज आपोआप कशी करायची. भाचीने तिला अर्धा तास स्क्रीन शेअर करून शिकवलं.